मामांनी दाखवलेली हद्द

४ मे २०१७, गुरुवार

आज टेबलावर आलेला नकाशा माझाच आहे.

वर नाव दुसऱ्याच मोजणीदाराचं. अर्जदार परदेशी कंपनी. पंचाहत्तर वर्षांचा भाडेपट्टा, गाव एमेलाप, समुद्रापासून ओढ्यापर्यंत, एकतीस भूखंड. मी फक्त कोन आणि अंतरं तपासून शिक्का मारायचा होता. तिसऱ्या खुणेपाशी हात थांबला. वायव्येला रेघ बावीस मीटर आत वळते आणि पुन्हा बाहेर येते. जमिनीवर तिथे काहीच नाही — कुंपण नाही, दगड नाही. खाली आमच्या कुळाची जुनी माणसं पुरलेली आहेत. हे मामांना माहीत. आणि त्यांनी सांगितलं म्हणून मला.

शिक्का मारला नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

५ मे

विलीवर संशय घेतला. शेजारच्या टेबलावर बसतो, दुसरं कारण नाही.

"एमेलापचा नकाशा माझ्या कपाटातून कोणी काढला?"

"कपाटाला कुलूप, किल्ली तुझ्या गळ्यात. मी काय उंदीर आहे, फटीतून शिरायला?" मग म्हणाला, "प्रती किती होत्या?"

दोन. दुसरी मामांना मी स्वतः नेऊन दिली होती. गुंडाळून, प्लास्टिकच्या नळीत, भिजू नये म्हणून.

विलीची माफी मागितली नाही. त्याचा चहा मात्र मी केला. त्याने ओळखलं असावं.

८ मे

मोजणी गेल्या ऑगस्टमधली. चार दिवस. मामा पुढे, मी यंत्र खांद्यावर घेऊन मागे. आमच्यात कूळ आईचं, त्यामुळे जमीनही आईकडून येते आणि हद्द दाखवायची मामाने. एकदाच दाखवतात, चालत. मोठ्याने बोलायची नाही, परक्यासमोर तर नाहीच. मामांनी मला झाडं दाखवली, झरा दाखवला, आईच्या सुरणाच्या वाफ्यांची कड दाखवली. पुरलेल्यांची जागा आली तेव्हा टोपी काढली आणि म्हणाले, "एवढं बाहेर ठेव."

मी म्हटलं, "हे कागदावर यायला नको ना, मामा?"

"परक्यांनी कागद करायच्या आत आपण करू, पोरी. ज्याचा कागद त्याची जमीन. ते आपल्याला दोन सरकारांनी शिकवलंय."

दोन सरकारं म्हणजे आमच्या बेटांवर राज्य करणारे इंग्रज आणि फ्रेंच, एकाच वेळी. दोन पोलीस, दोन तुरुंग. तुरुंगातला भात फ्रेंचांचा बरा म्हणून लोक फ्रेंच हद्दीत चोरी करायचे, असं आजी सांगायची. दोघांचं एकाच गोष्टीवर जमायचं — जमिनीपुढे बापाचं नाव लिहायचं. ऐंशी साली देश आपला झाला, जमिनी मूळ मालकांकडे परत आल्या. मामा तेव्हा एकोणीस वर्षांचे. झेंडा दिसावा म्हणून माडावर चढले होते. ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की त्या माडाची उंची मी सांगू शकते.

१३ मे, शनिवार

गावी गेले. मामा खोबरं वाळत घालत होते.

"कंपनीला नकाशा तुम्ही दिलात?"

"बस आधी. उन्हातून आलीस."

"दिलात?"

"दिला." खोबऱ्याच्या वाट्या पालथ्या घालत राहिले. "माझी दोन्ही पोरं ऑस्ट्रेलियात टोमॅटो तोडतायत. सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. धाकट्याचं लेकरू त्याला बघून रडतं. इथे हॉटेल झालं तर घरी राहतील."

"हॉटेलात काय करतील?"

"काहीही. बागेत पानं झाडतील."

"आपल्याच जमिनीवर."

"तुझ्या आईचं सुरण विकून घरावर पत्रा चढला का कधी?"

झऱ्याचं विचारलं. सगळं गाव तिथलं पाणी पितं. "कंपनी नळ देणार आहे," म्हणाले. कुठे लिहिलंय, विचारलं. "माणसाच्या शब्दावरही विश्वास ठेवावा जरा." हे मामा मला म्हणाले!

नमस्कार न करता निघाले. असं आजवर कधी केलं नव्हतं.

२० मे

आज नाकामालात, गावाच्या सभाघरात, सभा झाली. भाडेपट्ट्याला कुळाची संमती आहे का हे विचारायला जमीन खात्याचा अधिकारी आला होता. पुरुष आत, बायका दाराशी चटयांवर. अधिकारी सभ्य माणूस. आपणहून म्हणाला, "कुळातल्या मोजणीदार बाईंनाही विचारूया."

मी उठले. मामा माझ्या आधी उठले.

"माझी भाची आहे," ते म्हणाले. "हिनेच मोजलं. हिच्या हातचा नकाशा आहे. ही राजी आहे."

मामा बोलत असताना भाची बोलत नाही. भाचीच्या वतीने बोलणं हा मामाचा हक्क. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट आहे ही. डोळे खाली, हात पोटाशी. माझी जीभ खरंच हलली नाही. चार वर्षं परदेशात, सुवाच्या विद्यापीठात शिकले, बारा माणसांच्या वर्गात एकटी मुलगी होते, प्राध्यापकाची चूक फळ्यावर जाऊन दुरुस्त केली — आणि आज सगळ्यांसमोर बाहुलीसारखी उभी राहिले. साधारण दहा सेकंद. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग वहीत लिहिलं.

काय लिहिलं ते आज संध्याकाळी वाचायला मिळालं. "कुटुंबातील मोजणीदार हजर. हरकत नाही."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांडा मीच, आणि घासूनपुसून गुळगुळीतही मीच केलेला.

२२ मे, सोमवार

हरकत लेखी दिली. तीस दिवसांची मुदत आहे, मी दोनच दिवस घेतले. मौन म्हणजे संमती नव्हे, असं लिहिलं. झऱ्याची जागा लिहिली, किती घरं त्यावर अवलंबून आहेत ते लिहिलं — त्रेचाळीस.

अधिकाऱ्याने वाचलं. "हरकत टिकेल. पण बाई, एक सांगतो. कुळातलं भांडण कुळाने रीतीप्रमाणे मिटवलं, तर माझ्या लेखी हरकत संपली. माफीचं डुक्कर आलं, समोरच्याने खाल्लं — मग कोर्टही तुमचं ऐकणार नाही."

"मी खाणार नाही."

"मग ठीक आहे," म्हणाला आणि पोच दिली.

३० मे

मामा आज शहरात माझ्या खोलीवर आले. डुक्कर, दोन चटया, पेयासाठीची कावाची मुळं. फाटकाशी उभे राहिले, टोपी हातात. शेजारीण दात काढून बघत होती. "बाई गं, एवढं मोठं डुक्कर! घे की, नाहीतर मला दे."

मी फाटक उघडलं नाही.

"पोरी, मी चुकलो असेन. घे."

"कंपनीचा कागद परत घ्या, मग घेते."

मामाला फाटकाबाहेर उभं करणारी भाची गावात आजवर झाली नसेल. शेवटी सगळं परत ट्रकवर चढवलं. चढवताना त्यांची कंबर धरली. मी आतून पाहिलं. गेले नाही.

३ जून, शनिवार

आई बाजारात सुरण घेऊन बसली होती. मदतीला गेले. तासभर ती सुरणं रचत राहिली. मग एकदम —

"चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसत नाही हल्ली."

"तुझे वाफे जाणार आहेत, आई. तुझे."

"ठाऊक आहे. तू काढलेल्या चित्रात दिसले मला." गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले. "सरपण आणायला मी कोणाला हाक मारू? मी मेले तर खड्डा कोण खणेल? भाऊ एकच आहे मला."

"मी आहे."

"तू सोमवारी ऑफिसला जातेस."

टोपली उचलून बसपर्यंत दिली. बस सुटताना म्हणाली, "पुढच्या शनिवारी ये. रागावू नकोस माझ्यावर." मला बरं वाटलं.

७ जून

हरकतीवर सुनावणीची तारीख मिळाली, १९ जून. विली सोबत येतो म्हणाला. "उंदराला कोर्टात सोडतात का, विचारून ठेव." हसले. महिन्यात पहिल्यांदा.

१० जून, शनिवार

आईकडे आले. तिने लापलाप केलं होतं — किसलेलं सुरण, नारळाचं दूध, केळीच्या पानात बांधून तापल्या दगडांवर भाजलेलं. मध्ये मांस. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दोनदा घेतलं. आईने स्वतः काही घेतलं नाही, नुसती वाढत राहिली.

पान रिकामं झाल्यावर ती दाराकडे गेली.

"खाल्लं तिने," बाहेर उभ्या मामांना म्हणाली.