गुडघाभर छाटणी

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. संकल्प: रोज पाचला उठणे (पहिला दिवस धरत नाही), चहा बंद आणि फक्त कॉफी, कुणावर चिडणे नाही.

काम सोपं आहे. कॉफीची सुगी संपलीय. म्हातारी झाडं गुडघाभर खोड ठेवून कापायची, म्हणजे नवे धुमारे फुटतात आणि तिसऱ्या वर्षी झाड लगडतं. मधली दोन वर्षं फळ नाही, एवढीच बारीकशी अडचण. चाळीस छोट्या शेतकऱ्यांना हे पटवायचं. २६ तारखेला पाहणी. चाळीस झाले तर माझा करार वर्षभर वाढणार, नाही झाले तर घरी. बायकोला फोनवर सांगितलं, झालंच समज. ती म्हणाली, मत्स्यशेतीच्या वेळीही झालंच होतं की. विषय बदलला.

५ फेब्रुवारी
पहिला वर्ग, सोसायटीच्या गोदामात. एकतीस जण पोत्यांवर बसले होते. स्लाइड अठ्ठेचाळीस. वीज गेली, तेव्हा उरलेल्या सदतीस मी तोंडी वर्णन केल्या. पुढचे एक आजोबा प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होते, फार बरं वाटलं. नंतर कळलं झोपले होते. त्यांचं नाव मी डुलकीनाना ठेवलंय.

मागे एक मावशी बसल्या होत्या. सगळा गाव त्यांना मावशीच म्हणतो. एक एकर बाग, सहाशे झाडं. त्यांनी विचारलं, साहेब, तुम्ही आजवर किती झाडं छाटलीत? मी म्हटलं, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी वेळ उरला नाही.

६ फेब्रुवारी
एक कप चहा. घशासाठी.

९ फेब्रुवारी
भागीदार संस्थेबरोबर बैठक. त्यांच्या नर्सरीवाल्या मॅडम उत्तम झाडं निवडून त्यांचं बी गोळा करतात, रोपं करून सगळ्यांना देतात. बाई हुशार, पण फार मुद्देसूद. मुद्दा तीनपर्यंत कसाबसा बसलो. मग पाय वळवळायला लागले. फोन आल्यासारखं करून बाहेर गेलो, अंगणात चार फेऱ्या मारल्या. आत आलो तर मुद्दा पाच चालू होता. चार काय झाला हे विचारणं अधिकाऱ्याला शोभलं नसतं. झाडांवरच्या खुणांचं काहीतरी होतं म्हणे. सही केली. मॅडम म्हणाल्या, सगळं मेल करते, वाचून घ्या. वाचीन.

१४ फेब्रुवारी
तयार शेतकरी: दोन. त्यातले एक डुलकीनाना, कशाला हो म्हणाले ते त्यांनाही ठाऊक नाही.

सकाळपासून जिवाला स्वस्थता नाही. खोलीतली खुर्ची तीनदा हलवली. शेवटी नवी योजना: पाहणीच्या दिवशी मावशींच्या बागेत जाहीर प्रात्यक्षिक. अडलं की सगळे त्यांनाच विचारतात. हे मला खटकतं, पण उपयोगी आहे. गेलो. त्या म्हणाल्या, बारा झाडं देते, दोन वर्षं त्यांचं फळ जाईल ते जाऊ दे, पण नीट बघून कापा, हे काही गवत नाही. मी म्हटलं, मावशी, माझ्यावर सोडा. त्या म्हणाल्या, खुणा बांधून ठेवते.

मेल उद्या.

१९ फेब्रुवारी
बागेवरून चक्कर. खालच्या बांधाला काही झाडांना पिवळ्या फिती दिसल्या. मावशी शब्दाच्या पक्क्या. झाडं म्हातारी म्हणावीत तर भलतीच तरतरीत होती. माझ्या वर्गानंतर खत-पाण्याकडे लक्ष दिलेलं दिसतंय. दोन आठवड्यांत एवढा फरक, अहवालात घातलं पाहिजे.

चहा: तीन. मोजणं बंद करतोय, त्यानेच ताण येतो.

२१ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
मनातली एक गोष्ट इथेच लिहितो. मी आजवर एकही झाड कापलेलं नाही. पुस्तक पाठ आहे, पण पाहणीदारांसमोर पहिल्यांदाच करवत धरणं बरं नाही. म्हणून उजाडताच एकटा गेलो, रंगीत तालीम म्हणून. पिवळ्या फितीचं सगळ्यात दांडगं झाड घेतलं. पंचवीस मिनिटं लागली. काप जरा आडवा आला, पुस्तकात तिरका आहे. खाली साल थोडी फाटली. झाडाच्या श्वासाला एक फांदी राखायची असते, ते सगळं कापून झाल्यावर आठवलं. तरी पहिल्या प्रयत्नाच्या मानाने छान.

२१ फेब्रुवारी, सकाळी ११.१५
मेल वाचला. मुद्दा चार: पिवळी फीत म्हणजे बियाण्याचं झाड, हात लावू नये. कापायच्या झाडांना पांढरी.

मेल इतका लांब लिहायचा नसतो. महत्त्वाचं वर लिहितात.

२२ फेब्रुवारी
मावशींना आज सांगणार होतो. त्या घरी होत्या, म्हणून अडचण झाली.

२३ फेब्रुवारी
आज नक्की. अर्ध्या वाटेवरून परत. चप्पल चावत होती. जेवण गेलं नाही. दार वाजलं की आधी खिडकीतून बघतो.

२४ फेब्रुवारी
मावशीच आल्या. गोदामाच्या पायरीवर बसल्या, पाणी मागितलं. म्हणाल्या, त्या झाडाला मी बावीस वर्षं सांभाळलं. दोन दुष्काळांत डोक्यावरून पाणी नेलं. मॅडम म्हणाल्या होत्या की याचं बी अख्ख्या डोंगराला पुरेल. मी वारा, वीज, कोणीतरी उपद्रवी माणूस अशी तीन कारणं तयार ठेवली होती. एकही तोंडातून निघालं नाही. मी कापलं, एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, ते कळलं, इतकं वाईट दुसरं कोण कापणार.

मला फार लाज वाटली. हे वाक्य नंतर खोडीन.

२६ फेब्रुवारी
पाहणी. आमचे साहेब, नर्सरीवाल्या मॅडम, पाहुणे तिघे, शेतकरी साठाच्या वर. मी भाषणाला उभा राहणार तोच मावशी सगळ्यांना घेऊन सरळ त्या खुंटाकडे गेल्या. म्हणाल्या, आधी हे बघा. काप आडवा, म्हणजे पाणी साचणार. साल फाटलीय, म्हणजे कीड शिरणार. एक फांदी राखली नाही, म्हणजे झाड उपाशी. मग शेजारचं पांढऱ्या फितीचं झाड त्यांनी स्वतः कापलं. चार मिनिटं. डुलकीनाना टक्क जागे होते. जाण्याआधी त्रेचाळीस जणांनी नाव नोंदवलं. खुंट कुणाचा हे मावशींनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, सगळे माझ्याकडेच बघत होते.

लक्ष्य पूर्ण झालं. चाळीसवर तीन. बायकोला फोन केला, या वेळी खरंच झालं.

१ मार्च
साहेबांचा फोन. प्रशिक्षणाचा करार वर्षभर वाढला. मी आभार मानायला लागलो. ते म्हणाले, थांबा, करार मावशींच्या नावावर वाढलाय. तुमचंही नाव घातलंय. शिकाऊंच्या यादीत, क्रमांक चव्वेचाळीस. मावशींनीच शब्द टाकला म्हणे. विचार करून कळवतो म्हटलं. चार मिनिटांनी कळवलं.

३ मार्च, सकाळी ६.४०
वर्ग सातचा, मी साडेसहालाच पहिल्या पोत्यावर येऊन बसलोय. अनुभवी माणूस पुढे असला की वर्गाला आधार वाटतो. मावशींना एखाद-दोन ठिकाणी मदतही लागेल.

सकाळी ७.०५
मावशी म्हणाल्या, तुम्ही मागे बसा. पुढच्या जागा ज्यांची झाडं आहेत त्यांच्या. मागे बसलो.