तिसरी नळी

नंदुरबार
९ जानेवारी २०२५

ती. गिरधरमामांना,
मयूरीचा कृ. शि. सा. न. वि. वि.

फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मामींच्या मोबाइलवर निरोप टाकावा तर तो त्यांच्या लोणच्यांच्या व्हिडिओंखाली गाडला जातो. म्हणून हे पत्र. काम निघाल्याशिवाय भाचीला मामा आठवत नाही, असं तुम्ही म्हणणारच. म्हणा. खरंच आहे ते.

अमरचंदशेठांच्या हायड्रॉलिकच्या दुकानात मला दोन वर्षं झाली, ती सगळी काउंटरवर गेली. दिवाळीनंतर जुने मिस्त्री सुरतेला मुलाकडे राहायला गेले आणि दुरुस्तीचं टेबल रिकामं झालं. मी माझा आयटीआयचा दाखला शेठांपुढे ठेवला. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, बस, करून दाखव. मामा, त्या दिवशी मी घरी चालत नाही, उडत गेले.

पहिलंच काम कोरीटच्या नवलसिंगभाऊंच्या ऊसतोडणी यंत्राचं आलं. बुंध्याशी ऊस कापणारी पाती ज्या मोटरवर फिरतात, तिच्या दांड्याजवळून तेल गळत होतं. मी मोटर उघडली, दांड्याभोवतीचं रबरी सील बदललं, सगळं धुतलं, रंग मारला. आमच्या गल्लीत सध्या मिरचीची धूळ इतकी उडते की ग्राहक शिंकतच पायरी चढतो, म्हणून दुकानाची रीत आहे तशी मोटरची नळ्या जोडायची सगळी तोंडं बंद केली आणि पाठवली. तासाभरात सील बाहेर फेकलं गेलं. दुसरं बसवलं, तेही तसंच गेलं. नवलसिंगभाऊ दुकानात येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, मन्ही मशीन वावरमा उभी शे, तू काय करी ऱ्हायनी? मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेठांनी सांगून टाकलंय की तिसरं सील टिकलं नाही तर सुरतेहून माणूस आणणार आणि मी परत काउंटरवर. मामा, मला ते टेबल फार हवं आहे.

लहानपणी तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यातलं ते लोखंडी बूच चोखत मी मोठी झाले. ते कशाचं, हे विचारलं की तुम्ही विषय बदलायचात. ते राहू द्या, पण या मोटरचं तरी सांगा.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, या खेपेला त्यात थोडी विद्या मिसळून पाठवावी.

तुमची
मयूरी

---

पुरुषोत्तमनगर
१३ जानेवारी २०२५

चि. मयूरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या मामीने ते माझ्याआधी वाचलं आणि लोणच्यांवरून तिला राग आलाय. तिळाचे लाडू तुला मिळणार नव्हते. मी मध्यस्थी केली म्हणून येणाऱ्यासोबत पाठवतेय.

आता काम. माझं उत्तर वाचल्याशिवाय तिसऱ्या सीलला हात लावू नकोस. सील बिचारं रबराचं, ते उगाच जीव देत नाही. त्याला आतून कुणीतरी ढकलतंय.

पोरी, आधी मोटरचा मान ओळख. पंपाला आपण फिरवतो तेव्हा तो तेल ढकलतो. मोटरचं उलटं, तेल तिला ढकलतं आणि ती फिरते. तेल किती येतं त्यावर तिचा वेग आणि किती दाबानं येतं त्यावर तिचा जोर. एवढ्यावर डोंगर फोडणारी यंत्रं चालतात. चाळीस वर्षं मी हे पाहिलं, तरी नळीतून आलेलं मुकाट तेल दहा माणसांना न हलणारा दांडा फिरवतं तेव्हा मला अजून नवल वाटतं.

मोटरी नाना तऱ्हेच्या. गिअर मोटर सगळ्यांत साधी, दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली. लोकांना वाटतं, रसवंतीच्या चरकातून ऊस जातो तसं तेल दोन चाकांच्या मधून जातं. मुळीच नाही. ते दातांच्या खाचांत बसून बाहेरच्या कडेनं वळसा घालून जातं. ही मोटर स्वस्त, दणकट, थोडी घाणही पचवते. व्हेन मोटरमध्ये खाचांत सरकणाऱ्या पट्ट्या असतात, ती शांत चालते. ऑर्बिट मोटर म्हणजे एका दातेरी कड्यात त्याच्याहून एक दात कमी असलेलं चाक. चाल हळू, पण जोर बैलाचा. आणि या सगळ्यांची राणी म्हणजे पिस्टन मोटर. गोल मांडलेले पिस्टन तिरक्या तबकडीवर रेटत राहतात आणि त्या रेट्याने दांडा फिरतो. मोठा दाब तीच सोसते, पण तिचे नखरे सांभाळावे लागतात.

तिचा एक नखरा तुला सांगतो. पिस्टनच्या कडेनं थोडं तेल कायम झिरपतं. तो दोष नव्हे, त्यावरच ती ओली आणि थंड राहते. पण ते झिरपलेलं तेल तिच्या पोटात साठतं, त्याला बाहेर पडायला वाट हवी असते.

तर तुझी मोटर कोणती ते पाहा. मग डोळे मिटून तिच्या अंगावरून बोट फिरव आणि तोंडं मोज. आणि कोरीटला स्वतः जा. यंत्राच्या किती नळ्या तिच्यापर्यंत येतात तेही मोज. दोन्ही आकडे जुळले तर मला कळव. नाही जुळले तर कळवायची गरजच पडणार नाही.

जुडग्यातल्या बुचाचं पुढे कधीतरी बघू.

तुझ्या आईला आशीर्वाद. लोभ वाढव, तेल वाया घालवू नकोस.

तुझा
गिरधरमामा

---

नंदुरबार
१८ जानेवारी २०२५

ती. मामांना,
कृ. शि. सा. न. वि. वि.

मामा, तुमच्या पायांवर डोकं ठेवायला मला पुरुषोत्तमनगरला यायलाच हवं. ऐकू येत नसताना, मोटर न बघता, चार ओळींच्या रडगाण्यावरून तुम्ही रोग ओळखलात!

मोटर पिस्टनचीच निघाली. डोळे मिटून बोट फिरवलं तर तोंडं तीन, दोन मोठी आणि एक बारीक. बारकं रंगाखाली लपलं होतं. रंग खरवडला तर खाली लोखंडी बूच, घट्ट आवळलेलं. मामा, ते बूच मीच बसवलं होतं.

झालं असं की मिरचीच्या धुळीसाठी आम्ही तोंडांवर प्लास्टिकची टोपणं लावतो. मोठ्या तोंडांवरची टोपणं काढल्याशिवाय नळी बसतच नाही, म्हणून ती विसरून राहत नाहीत. पण बारीक मापाची टोपणं संपली होती. मी हुशारी करून लोखंडी बूच आवळलं आणि वर रंग मारला. किती सुबक दिसतंय म्हणून दोनदा निरखलंसुद्धा.

कोरीटला गेले तर यंत्राची तिसरी नळी सुतळीनं वर बांधलेली, तोंडात कपाशीच्या काडीला गुंडाळलेला चिंध्यांचा बोळा. ड्रायव्हर म्हणाला, दुकाननी बंद करेल शे म्हनीसन मी बी बंद करी. दुकानवाल्यांना जास्त कळतं, असा त्याचा भाबडा विश्वास! मोटरच्या पोटातल्या तेलाला वाटच नव्हती, मग सील बाहेर पडेल नाहीतर काय?

बूच काढलं, नवं सील बसवलं, नळी धुऊन जोडली, मोटरच्या पोटात स्वच्छ तेल भरलं आणि यंत्र सुरू केलं. एक तास झाला, दोन झाले, चार झाले. दांड्यापाशी थेंबसुद्धा नाही. ऊस असा आडवा होत होता की बघत राहावं. तुम्ही तिला राणी का म्हणता ते मला तिथे कळलं. नवलसिंगभाऊंनी मला शाबास म्हटलं आणि तिथेच माझी पंचाईत झाली. गप्प राहिले असते तर मीच हुशार ठरले असते. ड्रायव्हरनं नळी बांधून ठेवली म्हणून सगळे त्यालाच बोलत होते, आणि तो मान खाली घालून ऐकत होता.

मला ते बघवेना. बूच खिशातून काढून नवलसिंगभाऊंच्या हातावर ठेवलं आणि सांगितलं, चूक याची नाही, माझी आहे. मग दुकानात येऊन शेठांनाही सांगितलं. टेबल गेलंच असं धरून मी माझा डबाही काउंटरवर नेऊन ठेवला होता. शेठ पुन्हा चष्मा पुसत बसले. मग म्हणाले की तोंडं बंद करायची रीत त्यांच्या वडिलांची, पण बंद केलेलं तोंड चिठ्ठीवर लिहून द्यायची रीत आजपासून माझी. सुरतेच्या माणसाला त्यांनी अजून फोनच केला नव्हता. डबा उचल, म्हणाले, तिथे ग्राहकांना अडचण होते.

हे टेबल तुमचं आहे, मामा. लाडू पोचले, मामींना सांगा की लाडवांपुढे लोणचीही फिकी. लोभ कधी आटला नाही, आटूही देऊ नका.

तुमची
मयूरी

---

पुरुषोत्तमनगर
२२ जानेवारी २०२५

चि. मयूरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मामी म्हणते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वय झालं, असं मी तिला सांगितलं. तुला खरं सांगतो.

तू मला ओवाळते आहेस, पण मी रोग ओळखला यात काही विद्या नाही. तो मी स्वतः केलेला होता. तुझ्या जन्माआधी, इथल्या साखर कारखान्यात लागण्यापूर्वी, मी एका ठेकेदाराच्या क्रेनवर कामाला होतो. मोटरची बारीक नळी फुटली, तेल टपटप सांडू लागलं. तेल वाया जातंय म्हणून मी तिथे बूच मारलं. दुसऱ्या दिवशी सील गेलं. ते सील बसवलं होतं माझ्या जोडीदाराने, हिलालने. ठेकेदाराने त्याला सगळ्यांसमोर कामावरून काढलं. मी बाजूलाच उभा होतो. कारण माझं बूच आहे हे मला तोवर कळलं होतं, तरी माझं तोंड उघडलं नाही. तो गेल्यावर दुपारी मी बूच काढून खिशात घातलं, नवं सील बसवलं, नवी नळी जोडली, आणि क्रेन चालू केल्याबद्दल शाबासकीही घेतली.

तेच बूच तू चोखत मोठी झालीस.

पोरी, मोटर दुरुस्त करणारे पुष्कळ पाहिले. तू खिशातलं बूच काढून समोरच्याच्या हातावर ठेवलंस, ते मला चौतीस वर्षांत जमलं नाही. ते टेबल माझं नाही, तुझंच आहे. माझी भाची म्हणून तुझा अभिमान वाटतोच, पण कारागीर म्हणून मी आज तुला नमस्कार करतो.

हिलाल आता नवापूरला असतो. मागे त्याने नातीच्या लग्नाची पत्रिका मला पाठवली होती, तिच्यावर पत्ता होता. या पत्राबरोबरच त्याला दुसरं पत्र टाकतो आहे. सगळं लिहिलं आहे. बूचही त्या पाकिटात घातलं. सकाळीच पोस्टातल्या बाईंनी वजन करून जास्तीची तिकिटं लावायला सांगितली, ती लावली.

मामीला हे अजून माहीत नाही. आज जेवताना सांगणार आहे.

तुझा लोभ होता तसाच ठेवता आला, तर ठेव.

तुझा
गिरधरमामा