तिसरी बाटली

४ फेब्रुवारी १९७४
आज अन्न निरीक्षक आले! लोकधान्य भांडाराच्या शहरात सात शाखा, त्यात नेमकी आमचीच, नवी पेठेतली. मी डाळीच्या काट्यावर होतो. त्यांनी तूरडाळ मागितली, पैसे दिले, मग ओळखपत्र काढलं. डाळीचे तीन वाटे, तीन बाटल्या, दोरा, शिक्के. दोन त्यांनी नेल्या. तिसरी माझ्या हातात – "ही विकणाऱ्याची. सांभाळा, म्हातारबा." विकणारा म्हणून सही माझी! मॅनेजर मानसिंगराव तोवर गोदामात जाऊन बसले होते. नंतर बाहेर येऊन म्हणतात, "निंगप्पा, घाम कशाचा फुटलाय? सासरी चाललाय व्हय?"
डाळ चांगली आहे. पोतं मीच उघडलं. मग भीती कसली?

५ फेब्रुवारी
बाटली घरी आणली. दुकानात कुणी बदलली तर? देवाशेजारच्या कोनाड्यात ठेवली. बायको काशम्मा म्हणाली, "आता हिची बी पूजा करायची का वो? निवदाला काय, वरणच की!"
मला हसू आलं नाही.

९ फेब्रुवारी
लिहूनच टाकतो. दुष्काळाच्या साली तुरीत लाखोळी डाळ मिसळली ती मी. मानसिंगरावांनी सांगितलं, हात माझे. पिवळी, स्वस्त, तुरीसारखीच दिसते. पोटभर रोज खाल्ली की पाय जातात, हे मला ठाऊक होतं! पलीकडच्या गल्लीतली चंद्रव्वा सहा महिने आमचीच डाळ नेत होती. भाकरीला पीठ नव्हतं, नुसत्या डाळीवर राहिली. आता दोन काठ्या टेकत, पाय फरफटत चालते. डॉक्टरांनी तिला कारण सांगितलंय. तिनं मला कधी काही विचारलं नाही. दिसलो की थांबते – "बरं हाय का, अप्पा?"
एवढंच.

१० फेब्रुवारी
दाराशी काठ्या वाजल्या. उठून पाहिलं. कुणी नव्हतं.

२ मार्च
बाटलीकडे पाठ करून जेवायला बसलो. तरी अर्धी भाकरी ताटातच राहिली.

१७ मार्च
राहवलं नाही. काशम्मा अक्कलकोटला मठात गेली तसं दार लावून घेतलं. दोरा कापला, शिक्का फोडला, डाळ परातीत ओतली. दाणा न् दाणा पाहिला. तूर गोल, लाखोळी एका बाजूला उतरती – बोटालाच कळते. सगळी सकाळ गेली. एकही दाणा नाही! पुन्हा भरली, फडकं बांधून ठेवली. सुटलो! दुपारी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२६ एप्रिल
रिपोर्ट आला. डाळीत लाखोळी सापडली म्हणे! खटला माझ्यावर, तुरुंगही होऊ शकतो. पोतं एकच, वाटे तीन – मग त्यांच्या बाटलीत कुठून आली? मानसिंगराव म्हणाले, "आमाला काय इचारता? सही तुमची हाय की."

२९ एप्रिल
वकिलाकडे गेलो. रिपोर्ट वाचून ते चक्क हसले. "अप्पा, तपासणारी बी माणसंच. चुकतात. तुमची बाटली कोर्टामार्फत कलकत्त्याच्या मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत धाडू. तिथला निकाल शेवटचा. डाळ चोख निघाली की तुमी मोकळे! फकस्त शिक्का शाबूत पायजे. हाय नव्हं?"
मी पाणी मागितलं.
ती बाटली मला अडकवायला नव्हती. सोडवायला दिली होती! कागदावर लिहिलंही असेल. चौथीपर्यंत शिकलेला मी, न वाचता सही ठोकली.

२० जून
कोर्टात उभा राहिलो. न्यायाधीशांनी विचारलं, "लाखोळी मिसळलेली डाळ विकलीत, हे कबूल आहे का?" वकील मागून कुजबुजले, "न्हाई म्हणा, न्हाई!"
मी म्हणालो, "व्हय."
साल त्यांनी विचारलं नाही.