रविवारची पठाराची बस

प्रिय टाचणी,

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे तू पुलांच्या तपासणीसाठी कुठेही फिरत असलीस तरी परत आल्यावर टेबलावर सापडेल. खरं तर फोनच करणार होते, दोनदा हातात घेतलाही. पण फोनवर आपण दोघी पाऊसपाण्याचं बोलणार आणि ठेवून देणार. अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण उजव्या मनगटाला पट्टा आहे. घाबरू नकोस, हाड मोडलेलं नाही.

आधी बातम्या सांगते. पठारावर जाणारी रविवारची बस आता नव्या स्टँडवरून सुटते, आणि तासाऐवजी दर दोन तासांनी. गैरसोय सगळ्यांची झाली, माझी तेवढी सोय झाली, कारण स्टँड माझ्या खिडकीतून दिसतो. बस फलाटाला लागलेली दिसली की मी चहाचा कप विसळते, बूट चढवते, तरी खिडकीजवळची जागा मिळते. दातांच्या प्रयोगशाळेत संगणकावरून दात कोरणारं यंत्र आलंय. तरुण मुलं त्याच्यापुढे बसतात. मी अजून मेणात एकेक दात हाताने लावते. गेल्या आठवड्यात एका आजोबांनी नवी कवळी परत आणली. दुखत नव्हती, हलत नव्हती. म्हणाले, ही घालून हसलो की मी माझ्या जावयासारखा दिसतो. दिली बदलून.

परवा बसमध्ये बसल्यावर आपली पहिली फेरी आठवली. तू अकरा वर्षांची होतीस आणि तुझ्या बाबांशी लग्न करून मला तुमच्या घरी येऊन सात महिने झाले होते. तुझे बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, रविवारी हमखास कुणीतरी कुठल्यातरी मजल्यावर अडकायचं आणि त्यांचा फोन वाजायचा. मग उरायचो आपण दोघी. तू मला काहीच हाक मारायची नाहीस. खोलीत यायचीस आणि सरळ वाक्य सुरू करायचीस, ‘डबा कुठे आहे?’ जणू भिंतीला विचारतेयस. मी तरी काय करणार होते? चौतीस वर्षांची बाई, आयुष्यात मूल सांभाळलं नव्हतं. स्टँडवरच्या दुकानात ‘बसने जाऊन पायी फिरण्याच्या वाटा’ असं एक पातळ पुस्तक दिसलं, ते घेतलं. वाटलं, चालताना समोरासमोर बघावं लागत नाही, तेवढंच बरं.

त्या दिवशीची चूक माझी होती, हे तुला मी कधी स्पष्ट सांगितलं नाही. तू तुझ्या आईचा रेनकोट घालायचीस. तो तुला गुडघ्यांच्या खाली यायचा आणि बाह्यांत हात हरवायचे. मी आदल्या दिवशी, तुला न विचारता, बाह्या चार बोटं आखूड करून शिवल्या. मला वाटलं होतं, खूश होशील. शेवटच्या थांब्यावर उतरून तू तो अंगात घातलास, हात पुढे केलेस आणि तुझा चेहराच उतरला. ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’ एवढंच म्हणालीस आणि तरातरा पुढे निघून गेलीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूचं माहीत नाही. दगडी कुंपण ओलांडेपर्यंत तू मला दिसत होतीस. मग धुकं उतरलं, आणि वाट दाखवणारे दगडांवरचे पांढरे पट्टेसुद्धा दिसेनासे झाले. मी तुझ्या नावाने ओरडत होते. उत्तर नाही. माझ्या डोक्यात काय आलं असेल? तुझी काळजी नंतर आली. आधी आलं, की आता तुझ्या बाबांना काय सांगू. याची मला इतकी वर्षं लाज वाटत आली आहे. मग मी थांबले, ओरडणं बंद केलं आणि नुसती ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने उजवीकडून आवाज आला, ‘अहो!’ मग जरा थांबून, ‘अहो मावशी!’ तू दलदलीत गुडघ्यापर्यंत रुतली होतीस. मी पोटावर आडवी होऊन तुला ओढलं. तू आलीस, बूट आतच राहिला.

बस चुकली होतीच. डांबरी रस्त्याने आपण चालत निघालो, तुझ्या एका पायात माझे दोन मोजे, एकावर एक. तेवढ्यात डेपोकडे परतणारी रिकामी बस थांबली. थांबा नव्हता तिथे. ड्रायव्हरने आपल्याकडे, मग तुझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘चढा, चिखल तेवढा मागच्या सीटवर ठेवा.’ तू हसलीस. घरी आल्यावर मी बाह्यांची शिवण उसवली. तू शेजारी बसून दोरे वेचत होतीस. त्यानंतर तू बाह्या दुमडून घालायला लागलीस.

सोळा वर्षांत किती रविवार झाले, कुणास ठाऊक. पुस्तकातल्या सगळ्या वाटा संपल्या, तुझ्या परीक्षा संपल्या. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं तेही आठवत नाही. तू नोकरीला गेल्यावर मी काही महिने गेले नाही. मग एकटी जायला लागले.

परवा ओढा ओलांडताना दगडावरून पाय सटकला. त्या दगडाचं शेवाळ मला दिसत होतं, तरी पाय ठेवला, म्हणजे पुन्हा चूक माझीच. एका म्हाताऱ्या जोडप्याने मला थांब्यापर्यंत आणलं. आजींनी स्वतःचा स्कार्फ फाडून हात बांधला, आजोबा सगळी वाट ‘अगं, माझा रुमाल होता की’ म्हणत होते. बसमध्ये ड्रायव्हरने विचारलं, ‘घरी कुणाला कळवू?’ मी म्हटलं, घरी कुणी नाही. बोलून गेले आणि मग ऐकलं मी काय बोलले ते.

तुला बाबांनी सांगितलं असेलच. मला सांगायचं होतं, पण ते म्हणाले, माझी मुलगी आहे, मी सांगतो. चार महिने झाले मी या खोलीत राहतेय. भांडण झालं नाही, दुसरं कुणी नाही. दोन चांगली माणसं एका टेबलावर गप्प जेवत होती, एवढंच. तू घरी होतीस तोवर ते आम्हाला जाणवलं नाही. यात तुझा दोष शोधू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे. तुझा फोन आला नाही तेव्हा मला वाटलं, तू बाबांच्या बाजूने उभी राहिली असशील, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मीही केला नाही.

आता एकटीने जायचं नाही असं ठरवून मी इथल्या पदभ्रमण मंडळाचा अर्ज घेतला. मंडळाच्या सचिव निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यामुळे अर्जही तसाच तपासतात. शेवटी विचारलंय, काही झालं तर कुणाला कळवायचं. तिथे मी न विचारता तुझं नाव आणि नंबर लिहिला. पुढे ‘नाते’ असा रकाना होता, तो कोरा सोडला, तर बाईंनी अर्ज परत दिला. कोर्टात घटस्फोटाचे कागद झाले की ‘सावत्र’ एवढा शब्दसुद्धा मला लिहिता येणार नाही. मैत्रीण लिहिलं तर खोटं वाटतं, आणि मुलगी लिहायला तुझी परवानगी लागेल. या वेळी विचारल्याशिवाय काही करायचं नाही असं ठरवलंय. तुला तिथे तुझं नाव नको असेल, तर तसं कळव. मी खोडेन आणि तुझ्यावर रागावणार नाही. पण हवं असेल, तर पुढे काय लिहू ते एका शब्दात सांग. अर्ज पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे.

तुझीच,
मावशी