राहून गेलेले तेरा मिलिमीटर

सोम., २२ सप्टें.
दिवेकर काकांच्या गाडीच्या नव्या रिम्सची ऑर्डर गेली. काका पंचाहत्तरीचे, रिटायर्ड डॉक्टर, आमच्या शेजारच्या घरात एकटेच. काकू होत्या तोवर गाडी पांढरी आणि चाकं कंपनीची. आता काळ्या रिम्स हव्यात, त्याही दसऱ्याच्या पूजेआधी. आई म्हणाली, "डॉक्टर, लग्नबिग्न ठरलंय की काय?" काका: "रिम्स बघून कुणी हो म्हणालं तर कळवतो."

बाबांनी निवड माझ्यावर सोपवली. जुन्या चाकाचा ऑफसेट ५०. म्हणजे बोल्ट बसतात तो भाग चाकाच्या मध्यरेषेपासून ५० मिमी बाहेरच्या बाजूला. नव्याचा ३५. आकडा कमी, तेवढं चाक गाडीच्या बाहेर येणार. १५ मिमी. मडगार्डपर्यंत जागा २२. बसतं.

"नक्की ना गं?" काकांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा: "डॉक्टर, हिनं मोजलंय. डोळे झाकून घ्या."

शनि., २७ सप्टें.
गॅरेज आवरताना जुना व्हर्नियर सापडला. शाळेत जायच्या आधी बाबांनी यावर मोजायला शिकवलं. कारखान्याच्या टूलरूममधला माणूस, दुसरं काय शिकवणार. माप तीनदा घ्यायचं. चुकलं तर लगेच सांगायचं, ओरडणार नाही. कधीच ओरडले नाहीत.

मंगळ., ३० सप्टें.
रिम्स आल्या. खोक्यावर रुंदी ८ इंच. जुनी ७.

रुंदी मी धरलीच नव्हती. एक इंच जास्त, अर्धा आत, अर्धा बाहेर. म्हणजे आणखी तेरा. १५ + १३ = २८. जागा २२. तीनदा केलं. अठ्ठावीसच.

खोक्यात कागद आहे: टायर चढवला की परत घेणार नाही. टायर उद्या सकाळी चढणार. आज सांगितलं तर सगळं परत जाईल, काकांना दसऱ्याला चाकं मिळणार नाहीत, एवढंच. जेवताना सांगायचं ठरवलं. तर बाबाच आईला सांगायला लागले, काकांचे एक मित्रही आता रिम्स मलाच विचारून घेणार आहेत. केवढे खूश.

पोळी वाढली त्यांना. सांगितलं नाही.

आणि मी कॉम्प्युटर चिपच्या लॅबमध्ये दुसऱ्यांच्या चुका पकडायचा पगार घेते.

बुध., १ ऑक्टो.
टायरच्या दुकानात काकांबरोबर गेले. तिथला माणूस चाकाकडे बघून म्हणाला, जरा बाहेर आलंय, मागच्या सीटवर माणसं बसतात का? काका म्हणाले, "कोण बसणार? मी एकटाच." तरी त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी ठीक आहे अशी मान हलवली. बोलले असते तर निदान ते खोटं ऐकू तरी आलं असतं. नुसती मान…

गुरु., २ ऑक्टो. दसरा
चारही चाकांना हळदकुंकू, झेंडूचे हार. काकांनी नारळ मला फोडायला लावला. "मान इंजिनिअरबाईंचा!" काकांनी एकट्यानं कॉलनीला चक्कर मारली, खिडकीतून हात हलवत. चाक घासल्याचा आवाज नाही. रिकामी गाडी, मागून खाली बसलेली नाही.

आपट्याची पानं इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये कुठली. आईनं सोनेरी कागदाची कापली होती. बाबांनी मला एक दिलं. "सोन्यासारखी राहा." अजून पर्समध्ये आहे. बाहेर काढून टेबलावर ठेवलं, परत आत ठेवलं.

रवि., ५ ऑक्टो.
मंडळाची कोजागरी. काका ऐकेनात, "सगळ्यांनी माझ्याच गाडीतून यायचं." बाबा पुढे. मागे मी, आई आणि आईची मैत्रीण मालतीमावशी. डिकीत मसाला दुधाचं मोठं पातेलं. पहिल्याच स्पीडब्रेकरला मागून खर्रर्र.

मालतीमावशी: "दूध सांडलं वाटतं."
आई: "दूध खरखरतं का गं?"

काकांना कमी ऐकू येतं. ते गुणगुणत होते. बाबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग पुढे बघत म्हणाले, "नवी आहेत, बसतील." दुसऱ्या स्पीडब्रेकरला पुन्हा तेच. दूध मला गेलं नाही.

सोम., ६ ऑक्टो.
सकाळी बाबा पट्टी आणि बॅटरी घेऊन काकांकडे. काकांशी त्यांना ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे आमच्या ड्राइव्हवेपर्यंत सगळं ऐकू आलं. "डॉक्टर, रुंदी धरायची राहिली. चूक माझी! पोरीला आकडा मीच दिला!"

काका: "अहो, तुम्हीपण चुकता? वा, बरं वाटलं."

बाबांनी आकडा दिला नव्हता. घरी येऊन माझ्या डोक्यावर टपली मारली. "होतं असं. वेळेत लक्षात आलं असतं तर तू सांगितलंच असतंस."

मी "हो" म्हणाले.

बुध., ८ ऑक्टो.
काका जुनी चाकं लावायला तयार नाहीत. "पूजा झालीय त्यांची. आणि एकट्यापुरती ठीक आहेत की." शनिवारी तिघा मित्रांना घेऊन दीड तासावरच्या टुसानला गाणं ऐकायला जाणार होते. कॅन्सल केलं. महिनाभर त्याचंच बोलत होते.

मागच्या टायरला कडेनं चर पडलाय. नखाला लागतो. हाराचा दोरा अजून बोल्टला अडकलेला.

शुक्र., १० ऑक्टो.
कामावर चूक झाली की फॉर्म भरतो. काय मोजलं, काय राहिलं, केव्हा लक्षात आलं. तसाच कागद काकांसाठी मराठीत लिहिला. आकडा माझा, बाबांचा नाही. नवी चाकं मी देईन, तोवर जुनी लावा, मित्रांना टुसानला न्या. शेवटचा रकाना तीनदा लिहिला. "३० सप्टेंबर, टायर चढवायच्या आदल्या दिवशी." तिसऱ्यांदा खोडलं नाही.

चार वाजता नेऊन दिला. काकांनी घडी करून खिशात ठेवला. "चष्मा आत आहे. वाचतो हं सावकाश. चहा घेतेस?" नाही घेतला.

आता साडेपाच. काका आमच्या फाटकाशी आलेत. चष्मा लावलाय, हातात कागद आहे. त्यांनी बाबांना हाक मारली. बाबा बाहेर गेलेत, कागद आता त्यांच्या हातात. मी स्वयंपाकघरात, खिडकी उघडी.

बाबा त्यांच्याशी ओरडूनच बोलतात. दहा मिनिटं झाली. काहीच ऐकू येत नाहीये.