चौदाशे जबड्यांचा मालक

सोमवार, ६ तारीख. सकाळी १०.१५

ठेव. ठेव ती वही खाली. हो, तुलाच म्हणतोय. सहज उघडी दिसली म्हणून वाचली वगैरे मला सांगू नकोस. मी हिला रबरबँड लावून ठेवतो, मोजून दोन वेढे. (मावशी, तुम्ही असाल तर ठेवा. काका असाल तर हात धुवून ठेवा.)

उद्या चौकशी झाली तर असावं म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितोय.

आत्याच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. डेंटिस्ट माप पाठवतो, त्यावरून प्लास्टरचा जबडा बनतो, जबड्यावर दात बसतात. जबडे खोक्यांत, खोकी फळ्यांवर. एकूण चौदाशे. मी यायच्या आधी प्रत्येक खोक्यावर मार्करने पेशंटचं नाव लिहिलेलं असायचं. कोणीही यावं आणि वाचावं! मी पहिल्याच महिन्यात सगळी नावं पुसायला लावली. आता खोक्यावर फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त माझ्या डेटाबेसमध्ये. याला सिक्युरिटी म्हणतात.

तर तो माझा डेटाबेस आज मलाच सांगतोय की तुम्हाला हे उघडायची परवानगी नाही. मालक दुसराच कुणीतरी आहे म्हणे. मला! मी बनवलाय!

काल रविवारी, कुणी नसताना, मी मुद्दाम येऊन सगळ्यांच्या परवानग्या काढून घेतल्या होत्या. कारण आहे. मागच्या आठवड्यात एका बाईंच्या दातांची शेड कुणीतरी बदलली. मी दोन नंबर टाकलेला, त्याचा तीन झाला. बाईंना चहात बुडवून काढल्यासारखे दात गेले. काउंटरवरच्या मावशी म्हणतात, अरे तूच तीन टाकलास. म्हणणारच.

शिवाय काल साफसफाई केली. डेटाबेसच्या शेजारी एक अनोळखी फाइल दबा धरून बसली होती. कुणी हात लावत नाही, तरी तिची तारीख रोज बदलायची. उघड हेरगिरी. उडवली. रीसायकल बिनसुद्धा रिकामा केला.

आणि आज मालकी गेली. योगायोग? मुळीच नाही.

दुपारी १२.३०

आत्या येऊन गेली. एका रिटायर्ड मास्तरांची कवळी पायरीवर पडून दोन तुकडे झालेत. शनिवारी त्यांच्या जुन्या शाळेत कार्यक्रम, मुख्य भाषण यांचंच. डेंटिस्ट बाहेरगावी, म्हणजे नवं माप नाही. पण जुना जबडा आपल्याकडे आहे. खोकं कितवं, विचारत होती. बघून सांगतो म्हटलं. म्हणाली, बघ बाबा, पण आज बघ. शनिवारी दहाला मास्तरांच्या तोंडात दात नसले तर सोमवारी तू या खुर्चीत नसशील. हसत म्हणाली. आत्या हसत म्हणते तेच खरं असतं.

निश्चय: संध्याकाळपर्यंत चोर पकडणे.

दुपारी ४.००

मावशींनी एक बंद पाकीट हातात ठेवलं. तुझंच आहे, नीट जप, एवढंच बोलल्या. आणि हसल्या. आजच का? उघडलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवरवर टेप मारली, टेपवर सही केली. पुरावा क्रमांक एक.

मंगळवार, ७. सकाळी ११.००

टेप शाबूत.

कॉलेजातल्या जाड्याला फोन केला. तो दिवसभर हीच कामं करतो. म्हणाला, डेटाबेसमध्ये नुसतं कुलूप असतं. ते कोण कोण उघडू शकतं त्याची यादी वेगळ्या फाइलमध्ये असते, ती शेजारीच ठेवलेली असते, ती बघ. फाइलचं नाव सांगितलं.

मी म्हटलं, समजा एखाद्याने ती फाइल उडवली. जाड्याने विचारलं, उडवली म्हणजे? मग जो हसत सुटला तो थांबेना. हा माणूसही यात असावा.

शेवटी म्हणाला, यादी परत बनवता येते. नाव, संस्था आणि पहिल्यांदा दिलेला कोड, तिन्ही अक्षरन् अक्षर तसंच लागेल. कॅपिटल तर कॅपिटल. तरच तो तुला ओळखेल. नुसत्या नावाने करून बघितलं. ढिम्म. लग्नात भेटलेल्या चुलतभावासारखा, चेहऱ्याकडे बघतो आणि ओळख देत नाही.

पण मी काय कच्चा आहे? कोड मी कागदावर लिहून ठेवलाय! आणि तो कागद कुणाच्या बापाला सापडणार नाही अशा जागी ठेवलाय. एका खोक्यात, जबड्याखाली.

खोक्याचा नंबर व्यवस्थित नोंदवलाय. डेटाबेसमध्ये.

बुधवार, ८. दुपारी ३.३०

टेप शाबूत. कोड आठवून एकसष्ट वेळा टाकला. माझा वाढदिवस, उलटा वाढदिवस, आत्याचा फोन, माझं टोपणनाव (हे कुणाला सांगायचं नाही). नाही.

मग सरळ खोकी उघडायला घेतली. दोनशे बारा झाली. प्रत्येकात जबडा, कागद कुठेच नाही. शर्ट, भुवया, सगळं पांढरं. प्लास्टरवाले काका मागे येऊन उभे राहिले. ते इथे बावीस वर्षं आहेत आणि तेवढीच वर्षं मला काही कळत नाही असं त्यांना वाटतं, म्हणजे मी शाळेत असल्यापासून. माझ्या हातातला जबडा बघून म्हणाले, अरे, हे मास्तर. बघ ना, उजवीकडे तिरके चावतात. वर्गात खडू धरायचे ना दातात, त्याने.

मी शांतपणे सांगितलं की काका, अंदाजपंचे कामाचे दिवस गेले, इथे सिस्टीम आहे. झाकण लावून खोकं जागेवर ठेवलं.

काका बरं म्हणून गेले. एरवी कशालाही बरं म्हणत नाहीत.

गुरुवार, ९. दुपारी १.००

टेप शाबूत. वातावरण गढूळ.

प्लास्टरच्या खोलीत सकाळपासून घासायचं मशीन चालू, दार लोटलेलं. मी डोकावलो तर काकांनी हातातल्या वस्तूवर फडकं टाकलं. मावशी तिथेच, चहाचे दोन कप. दोनच. मला बघून मावशींनी विचारलं, पाकीट उघडलंस का रे? मी म्हटलं, पुरावा असा उठसूट उघडत नाहीत. त्या काकांकडे बघून म्हणाल्या, राहू दे, शिकेल. काय शिकेन?

निश्चय: उद्या सगळ्यांना समोरासमोर बसवून विचारणे.

शुक्रवार, १०. सायंकाळी ५.१०

बसवलं नाही. काका कामात होते. मावशींनी विचारायच्या आधीच उत्तर दिलं, जेवलास का म्हणून.

संशयितांची यादी केली. मावशी, काका, जाड्या, आत्या. आत्याचं नाव खोडलं. परत लिहिलं. आत्या दिवसभरात मास्तरांबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणजे खुर्चीचं ठरलेलं दिसतंय. या खुर्चीची उंची मी स्वतः पाना आणून बसवून घेतली होती.

शनिवार, ११. सकाळी ९.५०

कवळी तयार आहे. गुरुवारपासून.

मावशींनी प्रत्येक खोक्याच्या तळाला पेन्सिलीने नाव लिहून ठेवलंय. चौदाशेच्या चौदाशे. मी नावं पुसायला लावली त्याच आठवड्यात. काकांनी बुधवारी मी ठेवलेलं खोकं काढलं, उलटं करून खात्री केली आणि कामाला लागले. मी दोनशे बारा खोकी उघडली, एकही उलटं केलं नाही.

नंतर आत्या आत आली, माझ्या सहीवरून टेप टराटरा फाडली आणि पाकीट फोडून कीबोर्डवर ठेवलं. आत माझा कागद. माझं अक्षर. मावशींना महिन्यापूर्वी खोकी पुसताना सापडला होता. मी सोमवारी तोंड पाडून बसलो म्हणून त्यांना आठवला.

कोड टाकला. उघडला. मालक मीच.

आधी त्या शेडची नोंद काढली. दोनाचा तीन कुणी केला, तर माझ्या नावाने, दुपारी तीन दहाला. त्या वेळी खोलीत मी एकटाच होतो. म्हणजे बघ, किती बेमालूम काम आहे.

आत्याने विचारलं, उघडलं का. हो म्हटलं. म्हणाली, मग सगळी नावं छापून मावशींना दे, त्या चिकटवतील. आणि सोमवारपासून काकांच्या हाताखाली जा, प्लास्टर कालवायला. तिथून सगळ्या फळ्यांवर नजर राहते, हे तिच्याही लक्षात आलेलं दिसतंय.

१०.०५

मास्तर आलेत. खाली काउंटरवर आत्या त्यांना सांगतेय की आमच्या पोराने आठवडाभर बसून शोधून काढलं हो तुमचं खोकं. असं का सांगतेय? काका शेजारीच उभे असणार. तेही काही बोलत नाहीयेत. मावशी तर हो हो म्हणतायत.

मास्तर नवी कवळी घालून म्हणतात, कुठाय तो, मला त्याला भेटायचंय. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतोय, हेच वाईट आहे.

जिन्यावर पावलं. सोळा पायऱ्या, मधे एकदा थांबतील. वही इथेच ठेवतोय, रबरबँडशिवाय. वाचायची तर वाच. मागच्या जिन्याने निघालो.