मटणखातं माझ्याकडे

३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.
आज हिला सहज मटणाचा भाव विचारला. ऐकून खुर्चीत बसलो. म्हणजे बसलेलो होतोच, पण पुन्हा बसलो. इतकी वर्षं हे घर मटणवाल्यानं लुटलं आणि परचेस डिपार्टमेंटचा माणूस घरात पेपर वाचत होता.
जाहीर केलं: आजपासून मटणखातं माझ्याकडे. जो माणूस बादल्यांच्या कारखान्यासाठी वर्षाला दोन लाख कड्या घासाघीस करून घेतो, त्याला आठवड्याचं एक किलो जड नाही. वाचतील ते पैसे दर रविवारी हिच्या हातात. वर्षाअखेर नवं वॉशिंग मशीन. सध्याचं कपडे धुताना बाथरूमपासून पॅसेजपर्यंत चालत येतं.
वाद होईल अशी तयारी ठेवली होती. हिने लगेच पिशवी माझ्या हातात दिली. बायका जबाबदारीनं किती थकलेल्या असतात हे आज समजलं. बाबांनी पेपरातून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली. आनंद दाखवण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार.
पूर्वतयारी. ऑफिसात स्टोअरकीपरचा सल्ला घेतला. तो म्हणाला, आधी भाव विचारायचा नाही, तब्येत विचारायची, माणूस विरघळतो. मुद्दा पटला.

१० नोव्हेंबर, रविवार.
पहिली खरेदी. यशस्वी.
खाटकाची तब्येत विचारली. त्याचा गुडघा दुखतो. कुठे, कसा, कधीपासून हे त्यानं सविस्तर सांगितलं. तेवढ्यात माझ्यामागचे चौघं पुढे जाऊन खांदा आणि मांडी घेऊन गेले. हरकत नाही, ओळख झाली. मग मी भाव पाडायला सांगितला. तो लगेच हो म्हणाला. इतक्या पटकन तर आमचा खिळेवालाही ऐकत नाही. पाऊण भावात पूर्ण वजन.
घरी हिने पातेल्यात पाहिलं आणि विचारलं, आपण कुत्रा पाळणार आहोत का. हाडांत कॅल्शियम असतं हे मी समजावलं. जेवताना कन्येनं नळीनं ताटावर बराच वेळ ठेका धरला. बाबा दोन्ही हातांनी झुंजत होते. या वयात इतका व्यायाम कुठून होणार?
वाचलेले पैसे समारंभपूर्वक हिला दिले. हिने 'थँक यू' म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. तारीख लक्षात ठेवणे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.
बाबांच्या कवळीचा एक दात हाडावर तुटला होता, तो आज बसवून आणला. दातांच्या डॉक्टरनं बरेच घेतले. पण हा खर्च दंतखात्यात जातो. मटणखात्याशी त्याचा संबंध नाही.
हिला तसं स्पष्ट सांगितलं. ही म्हणाली, बरोबर आहे. अलीकडे हिला माझं पटू लागलंय.

१७ नोव्हेंबर, रविवार.
नवं धोरण: हाडं कमी, मांस जास्त, फक्त जनावर वयस्क. खाटीक म्हणाला, बोकड जरा अनुभवी आहे. मी म्हटलं, अनुभवाला आमच्या घरात मान आहे. निम्मा भाव.
कुकरच्या शिट्ट्या सकाळपासून. शेजारच्या काकू विचारून गेल्या की कुणाचा बॉयलर बिघडलाय का. दुपारी गॅस संपला. (इंधनखातं.) जेवायला बसलो तेव्हा तीन वाजले होते. बाबांनी एक फोड तोंडात घातली ती बातम्या संपेपर्यंत तोंडातच होती. मग ते उठून बाल्कनीत गेले आणि कुंडीतली माती उकरताना दिसले. झाडांची आवड आता या वयात लागलेली दिसते.
पुटपुटत होते की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी सांगितलं, हा बोकड आहे.
महत्त्वाचं निरीक्षण: दुसऱ्यांदा कुणीच वाढून घेतलं नाही. म्हणजे खप निम्म्यावर. भाव निम्मा, खप निम्मा, बचत दुप्पट. घराला शिस्त लागतेय.
पैसे हिला दिले. हिने मोजलेसुद्धा नाहीत, सरळ पर्समध्ये. एवढा विश्वास.

१८ नोव्हेंबर, सोमवार.
काल लिहायचं राहिलं. संध्याकाळी ही, बाबा आणि कन्या, तिघं फिरायला गेली. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरापर्यंत, म्हणजे पार बाजाराच्या मागे. गेल्या रविवारीही गेली होती. बाबा! जे कोपऱ्यावरच्या पोस्टात जायचं म्हटलं की कंबर धरून बसतात. नळ्यांतलं कॅल्शियम बोलायला लागलं.
मलाही चल म्हणतील असं वाटलं होतं. ही म्हणाली, तुम्ही दमला असाल. किती ती काळजी.

२० नोव्हेंबर, बुधवार.
जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात सगळ्यांना योजना समजावून सांगितली. अकाउंटंटनं माझ्या डब्यातली एक फोड चाखायला घेतली. बराच वेळ काही बोलला नाही. बोलता येत नव्हतं. नंतर त्यानं आपला अर्धा डबा माझ्याकडे सरकवला आणि घरी सगळं ठीक आहे ना असं हळूच विचारलं. लोकांना दुसऱ्याची बचत बघवत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार.
आजपासून किरकोळ खरेदी बंद. होलसेल. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी मी नाही. शेळी थेट कोल्ड स्टोरेजमधून आणली. गोठवलेला एकच मोठा ठोकळा. वजन भरघोस, भाव मातीमोल. रिक्षावाल्यानं विचारलं, बॅटरी आहे का.
फ्रीजरमध्ये बसेना. कन्येचं आइस्क्रीम बाहेर काढून शेजारी वाटलं. बर्फाचे ट्रे काढले. मग ठोकळा बसला, पण दार लागेना. सुतळीनं बांधलं. कन्या आइस्क्रीमबद्दल काहीबाही बोलली. ती मोठी झाल्यावर तिला कळेल.

२५ नोव्हेंबर, सोमवार.
सुतळी पहाटेच सुटली. ही उठली ती पाण्यात. ठोकळ्यातला निम्मा भाग बर्फ होता. उरलेला बहुतेक मान. एकूण किती शेळ्यांच्या माना ते मोजलं नाही.
शांतपणे विचार करता, बर्फ शुद्ध होता.
या आठवड्यात तांत्रिकदृष्ट्या बचत झालेली नाही. उलट दिशेला थोडी झाली आहे. पण आता कच खाल्ली तर घराचं मनोधैर्य खचेल. म्हणून माझ्या बसच्या पैशांतून ठरावीक रक्कम काढून 'बचत' म्हणून हिला दिली. हिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि घेतली. ऑफिसला चालत जाणे. प्रकृतीला चांगलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार.
बाबांना तपासणीला नेलं. वजन वाढलंय! डॉक्टर म्हणाले, यांना चांगलंचुंगलं कोण खायला घालतंय, जरा आवरा. मी नम्रपणे सांगितलं, खरेदी माझ्याकडे असते. बाबा छताकडे बघत होते. गहिवरले असावेत.
माझं वजन उतरलंय. चालण्यामुळे.

१ डिसेंबर, रविवार.
हे लिहावं की नाही, विचार करतोय. पण रोजनिशीशी खोटं बोलायचं नाही हे तत्त्व.
संध्याकाळी तिघं फिरायला गेली. माझ्या मनात आलं, धाकटीला योजना सांगावी. मेहुण्यांचा हात फार सैल आहे, त्या घराचंही भलं व्हावं. निघालो. जिन्यातच वास आला. असा वास माझ्या स्वयंपाकघरात महिनाभर आला नव्हता. मेहुणे किती उधळे आहेत याचा पुरावाच. दाराशी चपला ओळखीच्या.
टेबलाभोवती सगळे. बाबांच्या हातात नळी. मला पाहून त्यांनी ती खाली ठेवली नाही. कन्येचं तोंड भरलेलं. ही धाकटीचा एप्रन बांधून शेगडीपाशी. धाकटी म्हणाली, ये दादा, तुला बोलावणारच होतो. कुणी बोलावणार नव्हतं. मेहुण्यांनी बाथरूममधलं स्टूल पुसून आणलं.
मी विचारलं, हे कधीपासून. कन्या म्हणाली, नळ्या आणल्या त्या दिवसापासून. मी विचारलं, कुणाच्या पैशांनी. ही माझ्यासाठी ताट घेत म्हणाली, तुमच्याच. दर रविवारी तुम्ही देता ते. कमी पडले की भाऊजी घालतात. मग आवाज खाली आणून म्हणाली, तुमचे बसचे पैसे तेवढे घरी डब्यात ठेवलेत, ते मी खर्चले नाहीत.
म्हणजे आम्ही वॉशिंग मशीन खात होतो. आम्ही म्हणजे ते.
एक घास खायचा नाही असं ठरवून स्टुलावर बसलो. अन्नसत्याग्रह. मग बाबांनी स्वतःच्या ताटातली एक फोड उचलून माझ्या ताटात ठेवली. खांद्याची. म्हणाले, खा रे, किती वाळलास.
तीनदा वाढून घेतलं. फोड नुसती जिभेवर ठेवली की पुरे. येताना चौघं मिळून चालत आलो. कुणीच योजनेबद्दल बोललं नाही. मीही नाही.

८ डिसेंबर, रविवार.
मटणखातं पुन्हा हिच्याकडे. कामाच्या व्यापामुळे मला वेळ होत नाही, असं ठरलं आहे. मी सोबत गेलो, पिशवी धरायला. खाटकानं हिला आत बसायला खुर्ची दिली. माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि सुरी पुसत विचारलं, वहिनी, आज घरचं देऊ की साहेबांचं?
ही म्हणाली, घरचं.
मी पिशवी उघडून धरली.